आवाज वाढला, अश्वशक्ती किती वाढली?

गाडीचा मूळ सायलेन्सर काढून त्याजागी 'फ्री-फ्लो' एक्झॉस्ट बसविण्याची हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. लहान शहरांतील गॅरेजांतही चकचकीत स्टीलच्या नळ्या टांगलेल्या दिसतात आणि त्यांच्यासोबत एक ठरलेले आश्वासनही मिळते : 'दहा-पंधरा हॉर्सपॉवर सहज वाढते.' ग्राहक हजारो रुपये मोजतो, गाडी सुरू करतो, तिचा घुमणारा आवाज ऐकतो आणि पहिल्याच वळणावर त्याची खात्री पटते की गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळते आहे. ही खात्री त्याला कोठून मिळाली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. इंजिनाची शक्ती ही वजन किंवा तापमान यांसारखीच मोजता येणारी राशी आहे. ती नीट मोजली, तर आश्वासन खरे की खोटे हे समजते; ती चुकीच्या रीतीने मोजली, तर कोणतेही आश्वासन खरे ठरविता येते. म्हणून एक्झॉस्टची निवड करण्यापूर्वी मोजमापाची रीत समजून घेणे अधिक अगत्याचे आहे.

अश्वशक्तीचा अर्थ

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट यांना आपल्या वाफेच्या इंजिनाची तुलना खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या घोड्यांशी करून दाखवायची होती. त्यासाठी त्यांनी एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे माप ठरविले. आजच्या एककांत ती सुमारे ७४६ वॅट भरते. युरोपात पुढे मेट्रिक अश्वशक्ती रूढ झाली. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास लागणारी ही शक्ती सुमारे ७३५.५ वॅट असते. हीच 'पीएस'. दोन्हींतील फरक सुमारे १.४ टक्के आहे. म्हणजे १०० बीएचपी आणि १०१.४ पीएस या एकाच शक्तीच्या दोन नोंदी होत. 'आधी' बीएचपीत आणि 'नंतर' पीएसमध्ये लिहिले, तर गाडीला हातही न लावता शक्ती वाढलेली दिसते.

'बीएचपी'मधील 'ब्रेक' या शब्दाला इतिहास आहे. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर घर्षणाचा पट्टा आवळून त्याचा ओढ मोजण्याची युक्ती काढली. इंजिनाला रोखून धरायचे आणि रोखण्यासाठी किती बळ लागले हे पाहायचे, हे त्यामागील तत्त्व. आजची उपकरणे कितीही अद्ययावत असली, तरी त्यांच्या मुळाशी तोच विचार आहे. प्रत्यक्षात मोजला जातो तो टॉर्क, म्हणजे पिळाचे बळ. शक्ती त्यावरून गणिताने काढली जाते. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटातील फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले, की किलोवॅट मिळतात. ५,००० फेऱ्यांवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क असेल, तर शक्ती ५२.४ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७१ पीएस होते.

सायलेन्सरमुळे शक्ती वाढते ती कशी?

एक्झॉस्ट बदलून शक्ती वाढूच शकत नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. पेट्रोल जळून झाल्यावर उरलेले तप्त वायू सिलिंडरबाहेर ढकलण्यासाठी पिस्टनला श्रम पडतात. बाहेरचा मार्ग जितका अरुंद आणि वळणावळणाचा, तितका वायूंचा उलट दाब अधिक आणि तितके इंजिनाचे स्वतःचे काम वाया. शिवाय काही जळके वायू आतच राहिले, तर ताज्या मिश्रणाला जागा कमी पडते. ही अडवणूक कमी केली, तर शक्ती वाढते, यात शंका नाही. प्रश्न असतो तो केवळ 'किती' एवढाच.

याचा ढोबळ अंदाज कागदावरही बांधता येतो. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात पिस्टनवर कामी येणारा सरासरी दाब पूर्ण जोरावर सुमारे १,००० किलोपास्कल असतो. नव्या सायलेन्सरमुळे उलट दाब १० किलोपास्कलने उतरला, तर केवळ ढकलण्याच्या श्रमांत होणारी बचत साधारण एक टक्का भरते. सिलिंडर अधिक स्वच्छ झाल्यामुळे त्यात थोडी भर पडते. ८० पीएसच्या छोट्या गाडीत एक टक्का म्हणजे एक पीएसही नव्हे. तेथे पंधरा अश्वशक्ती वाढण्यासाठी मूळ सायलेन्सरने इंजिनाचा गळाच आवळलेला असावा लागेल. आणि कोणताही उत्पादक आपली गाडी तशी बाजारात आणत नाही. एखाद्या मेकॅनिकने ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावून उलट दाब आधीच मोजून दाखविला, तर बरीचशी चर्चा तेथेच संपते. जो अडथळा मुळात नाही, तो काढून टाकून लाभ होत नाही.

अडथळा कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. बाजारात सर्वाधिक खपते ती 'कॅट-बॅक' यंत्रणा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग. परंतु वायू तेथवर पोहोचेपर्यंत त्यांचा बराच दाब आणि उष्णता ओसरलेली असते. इंजिनाला लागून असलेला मॅनिफोल्ड किंवा हेडर अधिक परिणाम करू शकतो, कारण तेथे दाबाच्या लाटांचा खेळ चालतो. एका सिलिंडरमधून सुटलेली लाट नळीच्या टोकावरून उलटून परत येते. ती नेमक्या क्षणी परतली, तर सिलिंडरमधील उरलेले वायू ओढून काढते; अवेळी परतली, तर तेच वायू आत लोटते. हा मेळ नळीच्या लांबीवर आणि फेऱ्यांच्या वेगावर अवलंबून असल्याने एका वेगावर झालेला लाभ दुसऱ्या वेगावर तोटा ठरू शकतो. टर्बो असलेल्या गाड्यांचे गणित वेगळे आहे. टर्बाइनच्या मागील दाब कमी झाला की टर्बो अधिक मोकळा फिरतो आणि ईसीयूची जुळणीही त्यानुसार बदलली, तर वाढ लक्षणीय असू शकते. मात्र त्या वाढीत नळीचा वाटा किती आणि जुळणीचा किती, हे वेगळे मोजावे लागते.

डायनो : यंत्र खरे, आकडा सापेक्ष

शक्ती मोजण्याच्या यंत्राला डायनॅमोमीटर, बोलीत 'डायनो' म्हणतात. कारखान्यात आणि पुण्यातील एआरएआयसारख्या चाचणी संस्थांत इंजिन गाडीबाहेर काढून थेट डायनोला जोडता येते. तेथे मिळणारा आकडा क्रँकशाफ्टवरचा असतो आणि गाडीच्या माहितीपत्रकात तोच छापलेला असतो. मोठ्या शहरांतील ट्यूनिंग करणाऱ्या मोजक्या गॅरेजांत असतो तो चॅसिस डायनो. त्यावर गाडीची चाके जड रोलरवर ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला जातो. रोलरचे जडत्व ठाऊक असते. तो किती झपाट्याने वेग घेतो, यावरून संगणक शक्ती काढतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात विद्युतचुंबकीय ब्रेकने रोलरवर भार टाकला जातो आणि गाडी ठरावीक फेऱ्यांवर रोखून धरता येते.

चॅसिस डायनो मोजतो ती चाकांपर्यंत पोहोचलेली शक्ती. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांत झालेला क्षय त्यातून आधीच वजा झालेला असतो. म्हणून ८० पीएसची धडधाकट गाडी रोलरवर ६८ किंवा ७० दाखवू शकते. तिच्यात काहीही बिघाड नसतो. काही संगणकप्रणाली हा क्षय अंदाजाने परत मिळवून 'क्रँकवरची शक्ती' छापतात. हा अंदाज १२ टक्क्यांचा धरला की १८ टक्क्यांचा, यावर आकडा बदलतो. बदलापूर्वीचा आकडा चाकांवरचा आणि नंतरचा क्रँकवरचा, अशी तुलना कोणी पुढे केली, तर ती फसवणूक किंवा अज्ञान यांपैकी एक काहीतरी असते.

त्याखेरीज लहानसहान कारणेही आकडा हलवितात. टायरमधील हवेचा दाब, गाडी रोलरवर बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण, निवडलेला गिअर, इंजिनाचे आणि गिअर ऑइलचे तापमान, समोरच्या पंख्याचा झोत, टाकीतील पेट्रोलचा ऑक्टेन, अशी ही यादी मोठी आहे. दोन चाचण्यांच्या मध्ये चाके बदलून हलकी बसविली, तर जडत्वाच्या डायनोवर शक्ती वाढल्याचा भास होतो. कारण चाके फिरविण्यात खर्च होणारे बळ आता रोलरला मिळते. एकच गाडी, कोणताही बदल न करता, लागोपाठ धावविली तरी एक-दोन टक्क्यांचा फरक येणे स्वाभाविक मानले जाते.

पणजीची हवा, बेळगावची हवा

इंजिन पेट्रोलवर चालते तितकेच हवेवरही चालते. हवा उष्ण, दमट किंवा विरळ असेल, तर प्रत्येक घोटात प्राणवायू कमी मिळतो. पणजी समुद्रसपाटीला आहे. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. चोर्ला घाट चढून गेलेल्या गाडीला बेळगावात सुमारे ८ टक्के कमी दाबाची हवा मिळते. तेथील गारव्यामुळे थोडी भरपाई होते, परंतु साध्या ८० पीएसच्या गाडीचे पाच-सहा पीएस घाटातच राहतात. परतीच्या वाटेवर तेच पीएस पुन्हा मिळतात आणि त्यासाठी कोणतेही बिल भरावे लागत नाही.

एकाच गावातही ऋतूनुसार हा खेळ चालतो. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे१३४९ या मानकात २५ अंश सेल्सियस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब ही प्रमाण परिस्थिती धरली आहे. प्रत्यक्ष हवा वेगळी असेल, तर आकड्याला सूत्राने काढलेल्या गुणांकाने गुणायचे. मे महिन्यातील ३३ अंशांच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या दुपारी किनाऱ्यावर मोजलेला आकडा या सूत्राने सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढवावा लागतो. डिसेंबरमधील २० अंशांच्या पहाटे मोजलेला आकडा दीड टक्क्याने घटवावा लागतो. म्हणजे मेमध्ये 'आधी'ची चाचणी आणि डिसेंबरमध्ये 'नंतर'ची चाचणी घेतली, तर मधल्या काळात गाडी नुसती उभी असली तरी सुमारे ५ टक्क्यांची 'वाढ' कागदावर उमटते. छोट्या गाडीत ही वाढ चार पीएसची होते. एखाद्या चांगल्या कॅट-बॅक यंत्रणेकडून याहून अधिक अपेक्षा ठेवणे कठीण आहे.

मानक कोणते वापरले, हेही कागदावर तपासावे लागते. 'एसटीडी' नावाने ओळखले जाणारे जुने मानक अधिक थंड आणि अधिक दाट हवा गृहीत धरते. त्यामुळे त्याचा आकडा 'एसएई' आकड्यापेक्षा सुमारे ४ टक्के मोठा येतो. संगणकावर एक पर्याय बदलला, की तीच धाव अधिक शक्तिमान दिसते. टर्बो गाड्यांत तर ही सूत्रे आणखी जपून वापरावी लागतात. कारण ईसीयू हवेचा दाब स्वतःच सावरून घेत असेल, तर सूत्राने केलेली दुरुस्ती म्हणजे एकाच तुटीची दुहेरी भरपाई होते.

उत्पादकांचे आकडेही तपासले गेले

आकड्यांचा हा घोळ केवळ गॅरेजांपुरता नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत इंजिनांची 'ग्रॉस' अश्वशक्ती जाहिरातीत छापली जाई. ती मोजताना गाडीचा प्रत्यक्षातला एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि इंजिनावर चालणारी इतर साधने जोडलेली नसत. १९७२ पासून सर्व जोडण्यांसह मोजलेली 'नेट' अश्वशक्ती रूढ झाली आणि इंजिने फारशी न बदलताही माहितीपत्रकांतील आकडे एका वर्षात कोसळले.

याहून बोलके उदाहरण १९९९ चे आहे. फोर्डने आपल्या मस्टँग कोब्रा मोटारीची शक्ती ३०५ वरून ३२० अश्वशक्तीपर्यंत नेल्याचे जाहीर केले. काही मालकांनी आपापल्या गाड्या डायनोवर नेल्या, तेव्हा ही वाढ दिसेना. आधीच्या मॉडेलशी तुलना करता नवी गाडी पुढे नव्हती. तक्रारी वाढल्यावर कंपनीने त्या उन्हाळ्यात विक्री थांबविली, विकलेल्या गाड्या परत बोलाविल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागील एक्झॉस्ट बदलून दिला. इंजिनाच्या संगणकाची जुळणीही सुधारली. २००० सालचे नेहमीचे कोब्रा मॉडेल बाजारात आलेच नाही. एक्झॉस्टमुळे शक्ती खरोखरच अडू शकते, ही या घटनेची एक बाजू. त्याहून महत्त्वाची बाजू अशी, की ही उणीव उघडकीस आली ती कोणाच्या 'जाणवण्या'वरून नव्हे. अनेक मालकांनी वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या मोजमापांनी ती सिद्ध केली. पुढे २००५ मध्ये एसएईने साक्षीदाराच्या उपस्थितीत शक्ती मोजून प्रमाणित करण्याची ऐच्छिक पद्धत आणली. तेव्हा काही नामांकित इंजिनांचे आकडे खाली आले, तर काहींचे वरही गेले.

प्रामाणिक चाचणीचे स्वरूप

मग एक्झॉस्टचा खरा लाभ मोजायचा तरी कसा? डायनोचा निरपेक्ष आकडा फारसा विश्वासार्ह नसला, तरी त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गाडीच्या दोन अवस्थांतील फरक मोजण्यास तो उत्तम साधन आहे. अट एकच : सायलेन्सर सोडून दुसरे काहीही बदलता कामा नये. तेच टायर, तोच दाब, तोच गिअर, तेच पेट्रोल, तेच पंखे आणि धाव सुरू करताना इंजिनाचे तेच तापमान. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि एक्झॉस्ट एकाच बैठकीत बदलले, तर श्रेय कोणाचे हे कधीच कळत नाही.

प्रत्येक अवस्थेत किमान तीन धावा घ्याव्यात. का, ते एका काल्पनिक उदाहरणातून स्पष्ट होईल. जुन्या सायलेन्सरसह तीन धावांत ७१.२, ७०.४ आणि ७१.८ पीएस मिळाले, नव्यासह ७२.९, ७२.१ आणि ७१.५. विक्रेत्याने जुन्यांतील सर्वांत कमी आणि नव्यांतील सर्वांत अधिक आकडा निवडला, तर वाढ २.५ पीएस होते. सरासऱ्यांची तुलना केली, तर ती जेमतेम १ पीएस उरते. आणि मूळ सायलेन्सरच्याच तीन धावांत १.४ पीएसचा चढउतार आहे, हे लक्षात घेतले, तर त्या एका पीएसबद्दलही छातीठोकपणे बोलता येत नाही. ज्या चाचणीचा कागद केवळ एक 'आधी' आणि एक 'नंतर' दाखवितो, त्याने चढउतार लपविलेला असतो.

शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि तीच सर्वांत मोलाची असते : नवा सायलेन्सर काढून जुना पुन्हा बसवायचा आणि पुन्हा मोजायचे. शक्ती मूळ पातळीवर उतरली, तर लाभ नव्या सायलेन्सरचा होता. ती वरच राहिली, तर तो लाभ तापलेल्या गिअर ऑइलचा, संध्याकाळच्या गारव्याचा किंवा ईसीयूने जुळवून घेतलेल्या मिश्रणाचा होता. या पायरीला मजुरी लागते, वेळ लागतो. परंतु हजारो रुपयांच्या खरेदीपुढे तो खर्च फार नाही.

शिखर नव्हे, संपूर्ण आलेख

जाहिरातीत दिसतो तो शिखराचा आकडा, म्हणजे एखाद्या ६,००० फेऱ्यांवर मिळालेली कमाल शक्ती. परंतु शहरात आणि गावच्या रस्त्यांवर छोटी पेट्रोल गाडी बहुतेक वेळ १,५०० ते ३,५०० फेऱ्यांत चालते. गरजेपेक्षा रुंद नळी बसविली, की वायूंचा वेग मंदावतो आणि लाटांचा मेळ वरच्या फेऱ्यांकडे सरकतो. शिखरावर दोन पीएस वाढले आणि २,५०० फेऱ्यांवर टॉर्क उतरला, तर घाटात गाडी अधिक वेळा खालच्या गिअरमध्ये घ्यावी लागते. म्हणून दोन्ही अवस्थांचे संपूर्ण आलेख एकाच कागदावर, एकाच मापपट्टीवर मागून घ्यावेत. उभी मापपट्टी शून्यापासून सुरू न करता ६० पासून सुरू केली, तर मुंगीएवढी वाढही डोंगराएवढी दिसते.

डायनोवरील मोजमाप पूर्ण थ्रॉटलचे असते, हाही मुद्दा विसरता येत नाही. अर्धा थ्रॉटल दिलेला असताना इंजिनाचा श्वास रोखलेला असतो तो थ्रॉटलपाशी, सायलेन्सरपाशी नव्हे. त्या अवस्थेत अधिक शक्ती हवी असेल, तर पाय थोडा अधिक दाबणे पुरते.

कान का फसवितात?

डायनो जवळ नसेल, तर उपग्रहाच्या साह्याने वेग नोंदविणाऱ्या उपकरणाने गाडीला ताशी ६० वरून १०० किलोमीटरवर जाण्यास लागणारा वेळ मोजता येतो. अर्थात, हे काम बंदिस्त ट्रॅकवरच करावयाचे; सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे. चालक आणि एका सहप्रवाशासह १,००० किलो वजनाच्या गाडीला हे अंतर कापण्यास ८ सेकंद लागत असतील, तर शक्तीतील ३ टक्के वाढीने ही वेळ पाव सेकंदानेही कमी होत नाही. याउलट ६० किलोच्या सहप्रवाशाला खाली उतरविले, तर सुमारे अर्धा सेकंद वाचतो. मित्राला उतरविल्यावर गाडी जोरात पळाल्याचे ज्यांना कधी जाणवले नाही, त्यांना त्याच्या निम्म्या फरकाची जाणीव सायलेन्सर बदलल्यावर व्हावी, यामागे कान असतात.

आवाज हे वेगाचे एक जुने लक्षण आहे. इंजिन ओरडू लागले की गाडी धावते आहे, असे मेंदू समजतो. ध्वनीची पातळी १० डेसिबलने वाढली, की ध्वनिशक्ती दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. इंजिनाच्या शक्तीत एवढीच उडी घ्यायची झाली, तर इंजिनच बदलावे लागेल. सायलेन्सरमधील कप्पे आणि शोषक थर काढून टाकले, की आवाजातील ही वाढ मात्र सहज साधते. त्यात नुकताच केलेला खर्च आणि वाढलेली अपेक्षा यांची भर पडते. ग्राहक खोटे बोलत नसतो. त्याला जे जाणवते ते खरेच जाणवत असते. फक्त ते शक्तीचे मोजमाप नसते.

खर्चाची दुसरी बाजू

या हौशीचा हिशेब केवळ रुपये भागिले अश्वशक्ती असा मांडून पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० नुसार प्रत्येक मोटारीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात; शिवाय तीन महिन्यांसाठी चालकाचा परवाना अपात्र ठरतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकणाऱ्यांचा अपराध त्याहून गंभीर आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांत हा कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स निष्प्रभ करतो. तो निघाला, की ती विषे मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या श्वासात जातात. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी असे बदल अडचणीचे ठरतात, ते वेगळेच. आणि रात्री अकरा वाजता गल्लीतून घुमत गेलेला आवाज ज्या वृद्धांची किंवा तान्ह्या बाळांची झोप मोडतो, त्यांना त्या गाडीत एक पीएस वाढला की दोन, याच्याशी काहीच कर्तव्य नसते.

एक्झॉस्ट बदलणारा प्रत्येक जण फसतो, असा याचा अर्थ नाही. शर्यतीच्या ट्रॅकसाठी बांधलेल्या गाड्यांत, टर्बो इंजिनांत आणि ज्या गाडीचा जुना सायलेन्सर किंवा कन्व्हर्टर आतून तुंबलेला आहे तिच्यात, हा बदल मोजण्याजोगा लाभ देतो. जुना भाग तुंबला असेल, तर कंपनीचाच नवा भाग बसवूनही गेलेली शक्ती परत येते.

तेव्हा पुढच्या खेपेला गॅरेजात पंधरा अश्वशक्तीचे आश्वासन मिळाले, तर ग्राहकाने चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. मोजमाप चाकांवरचे आहे की क्रँकवरचे? सुधारणा कोणत्या मानकाने केली? प्रत्येक अवस्थेत किती धावा घेतल्या आणि त्या सर्वांचे आकडे कोठे आहेत? जुना सायलेन्सर पुन्हा बसवून पाहिला का? या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली, तर सौदा विचार करण्याजोगा आहे. उत्तर म्हणून कोणी नुसती गाडी सुरू करून आवाज ऐकवू लागला, तर विकला जातो आहे तो आवाजच, हे ओळखून पाकीट खिशात ठेवलेले बरे.